अकरा हातोड्यांचं घर

आमच्या घरात अकरा हातोड्या होत्या आणि भिंतीत खिळा ठोकायचा झाला की माय वरवंटा आणायची. सासरी आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा नणंदांना वाटलं, मी माहेरची थट्टा करतेय. थट्टा कसली? हातोडी मागायला गेलं की बाबा विचारायचे, "कायले पायजे?" खिळा ठोकायचा आहे म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. एवढ्या जुन्या, एवढ्या वजनदार, तेल पाजून ठेवलेल्या वस्तूला खिळ्यासारख्या फालतू कामाला लावायचं हे त्यांच्या जिवावर यायचं. मग माय वरवंटा घ्यायची, दोन घावांत खिळा बसवायची आणि वरवंटा धुऊन पुन्हा मिरच्या वाटायला लागायची. तिच्या हातचा खिळा कधी वाकलेला मी पाहिला नाही.

आमचा मळा वाशीम गावाबाहेर होता. एक विहीर, दोन बैल, वांगी, मेथी, कांदा, मिरची. पहाटे मोट सुरू झाली की तिच्या चाकाची कुरकुर घरात ऐकू यायची आणि तिच्यामागोमाग बाबांचं बैलांशी बोलणं. ती कुरकुर थांबली की समजायचं, बाबा ओसरीत आले. मग दुसरा आवाज सुरू व्हायचा. ओसरीच्या एका भिंतीला त्यांची सगळी अवजारं ओळीनं मांडलेली असत. घण, सब्बल, करवती, रंधे, लाकूड तासायची वाकस, लहानमोठ्या पटाश्या, भोक पाडायचं गिरमिट, कापसाच्या जिनातले बोल्ट आवळायचे हातभर लांब पाने, आणि एक ऐरण, जी बैलगाडीतून उतरवताना चार माणसं लागली होती आणि नंतर कुणीच हलवली नाही म्हणून उतरवली तिथेच राहिली. दारातच. आम्ही तिला वळसा घालून आत-बाहेर करायचो. पाहुण्यांच्या पायाला ती हमखास लागायची आणि बाबा म्हणायचे, "पाहा, कशी जागची हालत नाई!" भाकर व्हायच्या आधी ते एकेक अवजार उचलत, दुसऱ्यावर हलकेच टिचकावत आणि कान देऊन ऐकत. लोखंड चांगलं असलं तर आवाज लांबतो म्हणे. माय आतून ओरडायची, "भरीत थंडं होऊन राह्यलं! तुमच्या हातोडीले ताट वाढू का?"

ही माया त्यांना जडली ती गावातला एक जुना जिन मोडला तेव्हा. कापसातली सरकी काढायचा तो कारखाना बंद पडला आणि त्यातलं लोखंड भंगारात निघालं. बाबा वांग्यांची पाटी घेऊन बाजारात गेले आणि पाटीभर पाने घेऊन परत आले. त्यानंतर कुठे विहीर खणणारा म्हातारा वारला, कुठे लोहाराचा पोरगा मास्तर झाला, की बाबांना कसं कोण जाणे पण कळायचं. भाजी देऊन ते घण आणायचे. नवीन वस्तूचं त्यांना वावडं होतं. "हे नवं लोखंड काय लोखंड हाय? पत्रा हाय पत्रा!" असं म्हणून ते बाजारातली नवीन हातोडी दोन बोटांनी उचलून दाखवायचे आणि दुकानदार तोंड फिरवायचा. वजन हाच त्यांच्या लेखी गुण. जे दोन्ही हातांनी उचलावं लागतं ते उत्तम, जे उचललंच जात नाही ते सर्वोत्तम.

मी हसते आहे खरी, पण एक गोष्ट मला तेव्हाही कळत होती. एका वाकसीच्या दांड्याला अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला होता. कुणा अनोळखी माणसानं आयुष्यभर तिथंच अंगठा टेकून काम केलेलं. बाबा त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहायचे. एकदा मला म्हणाले, "हा मानूस डावखुरा असन. पाह्य, इकडून झिजलं हाय." तो माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही, पण बाबा त्याच्याशी हात मिळवत होते. मलाही तो दांडा धरावासा वाटायचा आणि मी तो चोरून धरलेला आहे. हल्ली महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांत अशीच अवजारं भिंतीला टांगलेली असतात, खालून दिवे सोडलेले, आणि लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात. माझ्या नातसुनेनं मागे मला तिथं नेलं तेव्हा मी म्हटलं, माझा बाप साठसत्तर वर्षं आधी जन्माला आला, एवढीच त्याची चूक.

आता राहिला प्रश्न ती वापरण्याचा. बाबांना त्यातलं एकही वापरता येत नसे. मळ्यात ते राबायचे. त्यांच्यासारखा वाफा बांधणारा पंचक्रोशीत नव्हता आणि मेथीच्या जुडीला त्यांचा हात लागला की ती बाजारात आधी उठायची. पण हातात हातोडी आली की त्यांचा हात दुसऱ्याच माणसाचा व्हायचा. किसन मिस्तरी हे वेशीजवळचे सुतार, बाबांचे दोस्त. बाबा दुपारी त्यांच्या छपरात जाऊन बसत, त्यांच्या प्रत्येक अवजाराचं वजन सांगत आणि काम करताना त्यांना सूचना करत. मिस्तरी ऐकून घ्यायचे, फक्त एवढंच म्हणायचे, "महादेवभाऊ, तुमी पाहा. हात नोका लावू."

त्या वर्षी आमच्या अक्काच्या लग्नाचा घोर लागला होता. अक्का माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, एकोणिसाची. त्या काळी एकोणीस म्हणजे शेजारणी आवाज खाली करून विचारत. दोन स्थळं येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा एकाच गोष्टीवर अडलं होतं: आम्ही मोगलाईतले. निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाई म्हणत. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण माणसं अजून मोगलाईतलीच होती. आजोबा घरातले सगळे तापानं गेल्यावर एकटेच बैलजोडी घेऊन पैनगंगा उतरून आले होते. मायचं माहेरही तिकडचंच. इकडे आम्हाला ओळखणारं, आमची सात पिढ्यांची सोयरीक सांगणारं कुणी नव्हतं, आणि आम्ही माळी असलो तरी आडनाव असं की दहा जातींत सापडावं.

तिसरं स्थळ अनसिंगचं आलं. भाजीचे अडते पुंडलिकराव यांनी ते सुचवलं. मुलगा शेती पाहायचा, चार बुकं शिकलेला. दसऱ्याच्या दिवसांत वाशीमला बालाजीचा उत्सव असतो, त्याला ती मंडळी येणारच होती, तेव्हा खंडेनवमीला बैलांची दमनी आमच्याकडे वळवून मुलगी पाहून जाऊ, असा निरोप आला. खंडेनवमी! ज्या दिवशी घरोघरी अवजारं धुऊन पुसून पूजतात तो दिवस. इतरांच्या घरी पाटावर एक कुदळ, दोन विळे, एखादी कुऱ्हाड. आमच्याकडे बाबा आदल्या दिवशीच मोट बंद करून कामाला लागले. राखेनं घासणं, करडईचं तेल, हळद, कुंकू, प्रत्येक हातोडीला झेंडूचं एकेक फूल. मळ्यातला सगळा झेंडू संपला. ओसरीचा अर्धा भाग अवजारांनी भरला आणि पाहुण्यांसाठी सतरंजी अंथरायला उरलेली जागा पाहून माय म्हणाली, "पावण्यायले ऐरणीवर बसोता का?"

ते आले. मुलगा, त्याचा मोठा काका नामदेवराव, आणखी दोघं. अक्कानं पोह्यांचं ताट आणलं. मुलानं नाव विचारलं, तिनं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "मोट हाकता येते का?" अक्का म्हणाली, "येते. तुमाले?" सगळे हसले आणि तो सगळ्यांत जास्त हसला. आत आल्यावर अक्का चुलीपुढे बसली आणि विनाकारण लाकडं पुढे सारत राहिली. मला म्हणाली, "हा चांगला हाय." पहिल्या दोघांबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती.

तिथंच उठले असते तर बरं होतं. पण नामदेवरावांनी उठताना त्या मांडामांडीकडे पाहून विचारलं, "हे समदं कोनाचं म्हना?"

"आपलंच," बाबा म्हणाले. आजवर असा प्रश्न कुणी आपण होऊन विचारला नव्हता. ते पूजेतल्या अवजारांना हात न लावता, नुसत्या बोटानं दाखवत एकेकाची कुळकथा सांगायला लागले.

"वापरता का पन?"

या प्रश्नाला एक खरं उत्तर होतं आणि ते दिलं असतं तर ही हकिगत मला लिहावी लागली नसती. पण बाबांनी छाती काढली. "मंग! हात बसला हाय आपला. या वाकसीनं दांडा घडवाचा म्हनलं तं बिडी संपाच्या आत घडवतो."

"अन् तुमचे वडील?"

"ते तं माह्यापेक्षा भारी! हे गिरमिट त्यायचंच."

ते गिरमिट गेल्या पोळ्याला रिसोडच्या बाजारातून आणलेलं होतं. चुलीपाशी मायचा झारा कढईत थांबला. नामदेवराव "अस्सं अस्सं" म्हणाले, पुन्हा खाली टेकले, चहा घेतला आणि कपात अर्धा ठेवून उठले. बाबा आनंदात होते. पाहुण्यांना अवजारं पसंत पडली, असं ते मायला सांगत होते.

चौथ्या दिवशी पुंडलिकराव आले. ओसरीच्या कडेला बसले, पाणी नको म्हणाले. अक्का दाराआड उभी होती, मी तिच्या मागे.

"महादेवराव, वाईट वाटू देऊ नोका. ते लोक म्हनून राह्यले, का हे माळी नाईत."

"मंग कोन हावो आमी?"

"सुतार. मोगलाईतून आले अन् इकडं माळी झाले, म्हनतात. बापजाद्याची हत्यारं पूजेत मांडली, तुमीच म्हनले हात बसला हाय. माळ्याचा हात वाकसीवर काहून बसंन?"

सुतार असण्यात वाईट काय, हा प्रश्न त्या ओसरीत कुणाला पडला नाही. मला तर नाहीच नाही. मी शाळेत जाणारी मुलगी, मला रडू फुटलं ते अपमानानं. आज त्या रडण्याची लाज वाटते. बाबा लाल झाले, उठले, बसले. गोताची साक्ष आणतो म्हणाले. पण आणायची कुणाची? मोगलाईत मायचा एकच भाऊ होता आणि बहीण जर सुताराची ठरली तर भाऊ कोण वेगळा ठरणार होता?

माय बाहेर आली. पुंडलिकरावांसमोर ती सहसा बोलत नसे. "येवढं कायले लागते? सांगा त्यायले, आपल्याले खिळा बी ठोकता येत नाई म्हनून. खरं तेच तं सांगाचं हाय."

 पुंडलिकराव निघून गेले. त्यानंतर आठ दिवस गेले. मोटेची कुरकुर व्हायची, भाकरी थापल्याचा आवाज यायचा, अंबाडीची भाजी ताटात पडायची, पण ओसरीतला तो टिचकीचा आवाज बंद झाला. बाबांचं दुःख मला आता कळतं. जन्मभर मळ्यात राबलेल्या त्या माणसाकडे मिरवायला एवढी एकच गोष्ट होती, आणि ती खोटी आहे हे चारचौघांत कबूल करायचं होतं. जात सिद्ध करायला लोक काय काय करतात. आमच्या बाबांना आपला अडाणीपणा सिद्ध करायचा होता.

नवव्या दिवशी अक्का वाढता वाढता थांबली. हातात भाकर तशीच. म्हणाली, "बाबा, मले ते घर पायजे." मुलीनं बापासमोर असं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही फारसं ऐकलं नाही. मायनं तोंडाला पदर लावला. बाबांनी ताटातला घास संपवला, हात धुतले आणि डोक्याला पटका बांधला. "अनसिंगवाल्यायले बोलावतो," म्हणाले. "अन् किसन मिस्तरीले बी."

ते अंगणात जमले. नामदेवराव, त्यांच्याबरोबर दोन म्हातारे, पुंडलिकराव, शेजारचे चारपाच जण. मिस्तरींनी बाभळीचा एक ओंडका आणला होता. कुदळीला दांडा घडवून बसवायचा, एवढंच काम. बाबा खाली बसले. त्यांनी ती अंगठ्याच्या खळग्याची वाकस घेतली, अंगठा नेमका त्या जागी ठेवला आणि पहिला घाव घातला.

मी चार हातांवर ओट्यावर बसले होते, म्हणून पुढचं छातीवर हात ठेवून सांगते. बाबांनी मनापासून प्रयत्न केला. त्यांची जीभ दातांत धरलेली होती आणि कपाळाला घाम फुटला होता. क्षणभर ते विसरले की आज हरायचं आहे. इतके दिवस पूजलेल्या वस्तूला, इतक्या लोकांसमोर, एकदा तरी खरं काम करून दाखवावं असं त्यांना वाटलं असणार. वाकस लाकडावरून सटकली आणि जमिनीत रुतली. दुसऱ्या घावाला दांड्याचा चांगला भाग निघून नको तो राहिला. तिसऱ्याला ओंडका उभा चिरला. मग उरलेल्या चिपाडालाच त्यांनी कुदळ घातली आणि ती ठोकून बसवायला सगळ्यांत जड हातोडी उचलली. अर्थातच सगळ्यांत जड. ती वर गेली, आणि खाली आला तो फक्त दांडा. हातोडीचं लोखंड मागं उडालं आणि मेथीच्या वाफ्यात जाऊन पडलं. दोन म्हाताऱ्यांपैकी एक उठून लांब बसला.

हसू कुणालाच आवरेना. पण नामदेवराव हसले नाहीत. म्हणाले, "सोंग बी करता येते मानसाले."

तेव्हा किसन मिस्तरी उठले. वाफ्यात जाऊन त्यांनी हातोडीचं लोखंड शोधलं, धोतराला पुसलं, बाबांसमोर हलकेच ठेवलं आणि नामदेवरावांकडे वळले. "मले येक सांगा. या मानसाले सुतार म्हनून तुमी आमची बदनामी काहून करून राह्यले? आमच्या घरी पाच वर्साचं पोट्टं असं हत्यार धरीन तं बाप जेवाले देनार नाई. तुमाले हे माळी म्हनून चालत नसतीन तं नोका चालवू. पन आमच्यात ढकलू नोका. आमची बी काई इज्जत हाय."

नामदेवराव त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग असे हसायला लागले की पटका सुटला. डोळे पुसत म्हणाले, "पोरगी आमची. ठरलं." दाराआडून काहीतरी पडल्याचा आवाज आला, अक्काच्या हातातला तांब्या. मायनं गूळ वाटला, सगळ्यांना चहा दिला. मिस्तरींनी चहा पायरीवर बसूनच घेतला. त्यांना वर सतरंजीवर बोलवायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांच्या शब्दावर लग्न ठरलं तेच खाली बसले होते, आणि मलाही ते दिसलं ते फार उशिरा, म्हणजे इतक्या उशिरा की त्यांना सांगायची सोय राहिली नव्हती.

गावात मात्र गोष्ट वेगळी झाली. महादेवभाऊनं पोरीसाठी मुद्दाम हात चुकवले, एवढा कसबी माणूस पण कसा वेंधळा बनला, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. बाबा त्यावर होही म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत. मेथीच्या जुड्या बांधता बांधता नुसते हसायचे. माय एकदा म्हणाली, "मुद्दाम चुकवले, म्हने!" आणि वरवंटा जरा जोरात आपटला.  अक्का त्या दिवसांत बाबांच्या ताटात न मागता दुसरी भाकर टाकायची.

मार्गशीर्षात लग्न लागलं. वरात अनसिंगला गेली. मुलगी गाडीत चढताना बापानं रडायचं असतं, तसे सगळ्यांचे बाप रडतात, पण बाबांना तेव्हा रडू आलं नाही. ते गाडीच्या चाकाची खीळ तपासत राहिले आणि दमनी दिसेनाशी झाली तरी खालीच पाहत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोट सुरू झाली नाही. दुपारी मायनं माझ्याजवळ भाकर आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "मिस्तरीच्या छपरात पाह्य."

बाबा तिथंच होते. मिस्तरींची एक हलकी, साधी हातोडी त्यांच्या हातात होती आणि ते एका जुन्या फळीवर खिळे ठोकत होते. एक ठोकायचा, तो वाकायचा, मग दुसरा. फळी वाकड्या खिळ्यांनी भरत आली होती. मिस्तरी पाठ करून आपलं काम करत होते.

मी हळूच विचारलं, "शिकून राह्यले का?"

"नाई," मिस्तरी म्हणाले. "आज शिकवाचं नाई. आज त्यायले ठोकू दे."

मी बाबांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं सरकून जागा केली आणि एक खिळा माझ्या हातात दिला. "धर," म्हणाले. मी तो दोन बोटांत उभा धरला. पहिलाच घाव माझ्या अंगठ्यावर बसला. मी मोठ्यानं रडले, आणि मग बाबांनाही रडता आलं.